जुन्या वाड्याला नवे काम

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. याचे जुने नाव जैनपूर होते असे सांगतात. जवळच्या नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत आणि पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. रेल्वे गावात नाही. ती पकडायची तर परभणी किंवा सेलू गाठावे लागते. त्यामुळे फिरायला म्हणून आलेला माणूस इथे फारसा मुक्काम करत नाही. औंढा नागनाथकडे जाणाऱ्या गाड्या चहापुरत्या थांबतात आणि पुढे निघून जातात.

पण जो जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून सावकाश चालेल, त्याला मराठवाड्याचे खरे घर पाहायला मिळेल. दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, रस्त्याकडे पाठ करून बसलेला वाडा, मोठा दरवाजा, आत शिरताच ढेलज, मग उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, सागवानी खांब आणि वर मातीचे माळवद. भिंतीत कोनाडे. आमच्या घरांत त्यांना ताक म्हणतात. एका ताकात कुराण शरीफ, दुसऱ्यात चिमणी, तिसऱ्यात दादीचा पानदान. हिंदूंचा वाडा आणि मुसलमानाचा वाडा यांत बांधणीचा फरक जवळजवळ नाहीच. माती तीच, सुतार तोच, गवंडी तोच.

यातले बरेच वाडे आता कुलूपबंद आहेत. मुले पुण्याला, मुंबईला किंवा आखातात गेली. माळवदावर दरसाल पावसाळ्याच्या आधी खाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो; तो द्यायला घरी कोणी उरले नाही. दोन वर्षे थर चुकला की पाणी भिंतीच्या माथ्यात उतरते. माथा भिजला की भिंत वरून खाली कुजत येते. एखाद्या श्रावणात रात्री धडाड आवाज होतो आणि सकाळी लोक म्हणतात, “अमक्यांचा वाडा बसला.” मग जेसीबी येते. वर्षभरात त्या जागी तीन शटरचे गाळे उभे राहतात.

आमच्या आजोबांचा वाडाही याच रांगेत उभा आहे. हक्कदार एकूण नऊ. काहींचे म्हणणे, विकून टाका. त्यांना लोभी म्हणता येणार नाही. एकाच्या घरी लग्न आहे, एकाला दर आठवड्याला डायलिसिसला न्यावे लागते. काहींचे म्हणणे, बुजुर्गांची निशाणी आहे, हात लावू नका. पण हात न लावल्यानेच वाडा पडत चालला आहे, हेही त्यांना दिसते. या दोन मतांमध्ये बारावीला गेलेल्या आमच्या पुतणीने एक तिसरी गोष्ट मांडली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले अभ्यासिकेत रात्री दहा-अकरापर्यंत बसतात. मुलींना तेवढ्या उशिरापर्यंत बाहेर कोणी बसू देत नाही आणि घरात बसायला कोपरा नाही. मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात जागा असेल तर घरचे नाही म्हणणार नाहीत. मग वाड्याचीच अभ्यासिका का करू नये?

बडे अब्बांनी विचारले, “बेटा, घर ते घर. त्याचा मदरसा किंवा दफ्तर कसे होणार?”

प्रश्न रास्त होता. राहण्यासाठी बांधलेली इमारत दुसऱ्या कामाला लावता येते का, आणि लावली तर तिचे काय होते, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरातली पाच माणसे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो. एसटीने मंठा, जालना करत जाण्याचा हा रस्ता. वाटेत आपल्याच तालुक्यातले चारठाणा लागते. तिथली जुनी मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव पाहण्यासारखी आहेत. शेजारच्या सेलू तालुक्यात वालूरची गोल जिन्याची बारव आहे. गाळ-मातीने भरलेली ती विहीर लोकांनी उपसून मोकळी केली आणि आता दुरून माणसे पाहायला येतात. जुन्या बांधकामाला पुन्हा हात लावण्याची सुरुवात परभणी जिल्ह्यात अशी विहिरींपासून झाली आहे.

औरंगाबादेत पहिला मुक्काम पाणचक्की. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि त्या आवारातच ही पाण्यावर चालणारी चक्की. कित्येक किलोमीटर दूर डोंगराच्या पायथ्याशी पाणी धरून ते मातीच्या नळांतून जमिनीखालून इथवर आणले. उंच भिंतीवरून ते हौदात पडते आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरते. हे बांधकाम अठराव्या शतकातले. खानकाहमध्ये उतरणारे मुसाफिर, फकीर आणि शिकणारी मुले यांच्यासाठी इथे पीठ दळले जाई. मोठ्या हौदाच्या तळाखाली खांबांचे दालन आहे. वर पाणी, खाली माणसे. मे महिन्याच्या दुपारी तिथे उतरल्यावर पंख्याची आठवण होत नाही. ज्याने हे बांधले त्याने एकाच पाण्याकडून तीन कामे घेतली: दळण, शोभा आणि गारवा.

आज तिथे लंगरचे दळण होत नाही. लोक तिकीट काढून चक्की पाहायला येतात. याच आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. राज्यभरातल्या मस्जिदी, दर्गे, कब्रस्ताने यांच्या वक्फ जमिनींचे कागद घेऊन माणसे इथे येतात. जिंतूरहूनही येतात. वक्फच्या जागेत वक्फचेच दफ्तर. जागा ज्या हेतूने दिली होती त्याच्या जवळपासचेच हे काम आहे, म्हणून ते डोळ्यांना खटकत नाही. बडे अब्बा बराच वेळ हौदाच्या काठावर बसले होते. उठताना एवढेच म्हणाले, “मुसाफिर पहले भी आते थे, अब भी आते हैं.”

तिथून बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, म्हणजेच राबिया-उद-दौरानी, यांची ही कबर 1660 च्या सुमारास पूर्ण झाली. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक याकडे पाहतात आणि नाक मुरडतात. आम्ही मुलांना दरवाजावरच्या लेखाबद्दल सांगितले. त्यात शिल्पकार अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे आहेत. एक मुसलमान, एक हिंदू, एकाच दरवाजावर.

पण उर्दूच्या शिक्षकाला मकबऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. मौलवी अब्दुल हक, ज्यांना उर्दू जग बाबा-ए-उर्दू म्हणते, ते निजामाच्या शिक्षण खात्यात असताना औरंगाबादला होते आणि पुढे इथल्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य झाले. 1912 मध्ये ते अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले. तेव्हापासून 1938 मध्ये दिल्लीला जाईपर्यंत या संस्थेचा कारभार औरंगाबादेतून चालला. ते राहत होते ते घर मकबऱ्याच्या बागेच्या आवारातच होते आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्यांनी लिहिलेले ‘नामदेव माली’ हे व्यक्तिचित्र उर्दू शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. नामदेव हा दलित समाजातला माळी. याच बागेत तो रोपांना लेकरांसारखे जपत असे. पाऊस कमी झाला त्या वर्षी विहिरी आटल्या, तेव्हा लांबून पाणी वाहून आणून त्याने झाडे जगवली.

हा धडा आम्ही वर्गात किती वेळा शिकवला असेल! आमच्या मुलांना तो त्या बागेत उभे राहून सांगताना मात्र वेगळेच वाटले. मकबरा कबरच राहिला. त्याच्या घुमटाला, संगमरवराच्या जाळीला कोणी धक्का लावला नाही. आवारातल्या एका घरात लिहिणारा-वाचणारा माणूस राहिला आणि एका भाषेचे काम तिथून उभे राहिले. मुख्य इमारतीचे पावित्र्य जसेच्या तसे आणि भोवतालच्या जागेला रोजचे काम, हा एक चांगला मार्ग आहे.

दुसऱ्या दिवशी किलेअर्क. औरंगजेबाच्या राजवाड्याचा हा परिसर. बादशाही गेली, बराचसा भाग ढासळला. आणि याच परिसरात शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय उभे आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच कॉलेजातून बाहेर पडला. संध्याकाळी विद्यापीठाच्या बाजूला सोनेरी महाल पाहिला. औरंगजेबाबरोबर दख्खनमध्ये आलेल्या बुंदेलखंडच्या पहाडसिंग या सरदाराने सतराव्या शतकाच्या मध्यावर तो बांधला. आतल्या भिंतींवर सोन्याच्या रंगाची चित्रकारी होती, म्हणून हे नाव. आता राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय तिथे आहे. उंच जोत्यावरचा महाल, जाड भिंती, आत मूर्ती, नाणी, भांडी, शस्त्रे. आमच्या पुतणीने बरोबर नेमके हेरले: जड वस्तू सगळ्या खाली ठेवल्या आहेत आणि भिंतींना खिळे ठोकलेले नाहीत.

तिने हे हेरले आणि आम्हाला हैदराबादची एक इमारत आठवली. कोठी भागातली जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटने ती 1803 च्या सुमारास बांधायला घेतली. त्याने हैदराबादच्या खानदानातल्या खैरुन्निसा बेगमशी निकाह केला होता. निजामावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या या इमारतीत पुढे दीडशे वर्षे मोठमोठे निर्णय झाले. इंग्रज गेले आणि 1949 मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय तिथे आले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. ज्या दिवाणखान्यात दरबारी लोक टोपी काढून उभे राहत, तिथे मुली हजेरी देऊ लागल्या. मात्र इमारतीची देखभाल मागे पडली आणि ती इतकी खचली की वर्ग दुसरीकडे हलवावे लागले. मग जाणकारांच्या देखरेखीखाली बरीच वर्षे दुरुस्ती चालली. यातून एक गोष्ट कळते. नवे काम दिले म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. वापर वाढला की झीज वाढते, आणि झीज भरून काढण्याचा पैसा आधीच बाजूला ठेवावा लागतो.

उलट उदाहरणेही आहेत. इंग्रजांच्या काळात अहमदाबादच्या सिदी सय्यदच्या मस्जिदीत, जिची दगडी जाळी जगभर प्रसिद्ध आहे, सरकारी कचेरी भरत असे. लाहोरच्या दाई अंगा मस्जिदीत रेल्वेचे दफ्तर होते. आपल्या शेजारच्या विजापुरात जिल्ह्याचे ठाणे आले तेव्हा आदिलशाही महाल कचेऱ्यांसाठी घेतले गेले आणि एका मस्जिदीत टपाल कार्यालय बसवले गेले. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने अशा मस्जिदी मोकळ्या करायला लावल्या आणि 1904 मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. या इमारती तर पडल्या नव्हत्या, वापरातच होत्या. मग चूक कुठे होती? ज्यांची ती जागा, ज्यांनी तिथे सजदे केले, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. इमारत टिकली, पण तिच्या माणसांचा हक्क गेला. असा वापर आपल्याला नको.

म्हणून आमच्या वाड्याच्या बैठकीत पहिला विषय चुना-मातीचा निघाला नाही, हिश्श्यांचा निघाला. वाड्याचा कबाला निजामाच्या काळातला, उर्दूत, शिकस्त लिपीत. तो वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे आले. आमच्या दोन फुफू हयात आहेत. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची चाल आहे आणि तिला ‘बहिणीने खुशीने दिले’ असे गोड नाव आहे. शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो कोणाच्या मेहरबानीवर सोडलेला नाही. मस्जिदे नबवीची जागा सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. ते ती फुकट द्यायला तयार होते, तरी हुजूर (सल्ल.) यांनी ती मोबदला देऊनच घेतली. अल्लाहच्या घरासाठीसुद्धा यतीमाची जागा फुकट घेतली नाही, तर अभ्यासिकेसाठी फुफूचा हिस्सा आम्ही कसा गिळावा? धाकट्या फुफू तेव्हा म्हणाल्या, “आधी माझं नाव कागदावर घाला. मग मी देईन की ठेवीन, ते मला ठरवू द्या.” हे ऐकून बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

नऊही नावे लागली. त्यानंतर तोडगा सुचायला वेळ लागला नाही. ढेलज रस्त्याला लागून आहे. तिचे दोन छोटे गाळे भाड्याने द्यायचे, मूळ दरवाजा आणि खांब न हलवता. ते भाडे हिश्श्याप्रमाणे वाटायचे, म्हणजे ज्यांना पैशाची नड आहे त्यांना दरमहा काहीतरी मिळेल. भाड्यातला ठरावीक भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवायचा. चौक आणि आतल्या दोन ओसऱ्या मुलींच्या अभ्यासिकेला. ज्याला आपला हिस्सा विकायचाच आहे, त्याचा हिस्सा बाकीच्यांनी बाजारभावाने, हप्त्यांनी घ्यायचा. डायलिसिसवाल्या घराला पहिला हप्ता.

मग गावातला जुना गवंडी आणि एक इंजिनिअर असे दोघांना एकत्र बोलावले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इतर घरांनाही उपयोगी पडतील म्हणून इथे देत आहोत.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. माती ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट चढवले की आत आलेली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पापुद्रे निघतात. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा. चुना भिजवून चांगला मुरू द्यावा. घाई करू नये.

माळवद आधी, रंगरंगोटी नंतर. तुळयांना वाळवी आहे का ते टोचून पाहावे. एखादी तुळई बदलावी लागली तर बाकीच्या बदलायची गरज नसते.

पुस्तकांचे वजन माणसांच्या अंदाजापेक्षा फार जास्त असते. भरलेली कपाटे माडीवर कधीच नेऊ नयेत. तळमजल्यावर, भिंतीला लागून, पण भिंतीपासून थोडी हवा सोडून ठेवावीत.

संडास-मोरी जुन्या भिंतीला चिकटून बांधू नये. परसात वेगळी बांधावी, नाहीतर पायात पाणी मुरते. विजेची तार नवी, नळीतून नेलेली आणि अर्थिंगसह हवी. ज्या खोलीत वीस मुली बसणार तिथून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात; जुन्या वाड्याला बहुतेक वेळा एकच दरवाजा असतो. मातीच्या घरात उजेड कमी असतो. त्यासाठी भिंत फोडून मोठ्या खिडक्या काढण्यापेक्षा चौकाचा उजेड वापरावा आणि बसण्याची जागा ओसरीवर ठेवावी.

घराचा वापर बदलायचा तर नगरपरिषदेची परवानगी लागते आणि घरपट्टीही बदलू शकते. हे आधीच विचारून घ्यावे. आणि जागा वक्फची असेल तर मोहल्ल्याने परस्पर काहीही ठरवू नये. तिथे वाकिफने ज्या कामासाठी जागा दिली ते काम आणि वक्फ मंडळाची परवानगी, या दोन्ही गोष्टी आधी येतात.

सगळेच वाडे वाचतील असे नाही. ज्याच्या पायात पाणी मुरले आहे आणि चारही भिंती सुटल्या आहेत, तो कोणाच्या अंगावर पडण्याआधी उतरवलेलाच बरा. उतरवतानाही सागवानी खांब, तुळया, दगडी जोते, दरवाजाची चौकट जपून काढली तर नव्या घरात लागतात. पण जो वाडा अजून उभा आहे, त्याला उभा ठेवण्याचा मार्ग एकच: त्यात माणसांचा वावर हवा. कुलूप लावलेला वाडा आणि विकलेला वाडा यांत फक्त चार-दोन पावसाळ्यांचा फरक असतो.

वाचकहो, आपल्याही गावात, वसमतला, मंठ्याला, पाथरीला, आपल्या कुटुंबाचा असा एखादा वाडा असेल. कागद कपाटात असतील आणि ते उर्दूत असल्यामुळे नव्या पिढीला वाचता येत नसतील. पुढच्या सुटीत सगळे जमाल तेव्हा ते बाहेर काढा, वाचता येणाऱ्या बुजुर्गाकडून वाचून घ्या आणि मराठीत उतरवून ठेवा. बहिणींना, फुफूंना, खालांना त्या बैठकीला बोलवा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला विचारा की तिला गावात कशाची कमी पडते. शिवणवर्ग, दवाखाना, वाचनालय, बाहेरगावच्या मुलींना राहण्याची सोय, काहीही असेल.

आमच्या वाड्याच्या माळवदावर खाऱ्या मातीचा थर मृगाच्या आधी पडला. दोन तुळया बदलल्या. ढेलजेत एका गाळ्यात शिलाईचे दुकान येणार आहे, दुसऱ्यासाठी बोलणी चालू आहेत. नगरपरिषदेत अर्ज दिला आहे. अभ्यासिकेसाठी सध्या सतरंज्या, सहा बाके आणि धाकट्या फुफूंनी आपल्या पहिल्या भाड्यातून द्यायचे कबूल केलेले दोन पंखे एवढेच आहे. त्यांनी आपला हिस्सा ठेवला आहे. पंखे त्या आपल्या खुशीने देत आहेत.